आमच्याकडे तीनशेचं आहे!

सोसायटीच्या लिफ्टमध्ये, तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंतच्या प्रवासात, हल्ली तीनच प्रश्न विचारले जातात. पाणी आलं का? माझ्या जागेवर गाडी कोणी लावली? आणि तुमच्याकडे नेट कितीचं? पहिल्या दोन प्रश्नांना सरळ उत्तर मिळत नाही. तिसऱ्याला मात्र विचारायच्या आधी मिळतं. ‘आमच्याकडे तीनशेचं आहे,’ असं चौथ्या मजल्यावरचे काका जाहीर करतात आणि पन्नासवाला माणूस उगीचच मोबाइल काढून त्यात डोकं खुपसतो.

तीनशे एमबीपीएसचं काका काय करतात? सकाळी सुप्रभातचे व्हिडिओ पुढे ढकलतात, दुपारी शेअर बाजार बघतात आणि रात्री यूट्यूबवर सातबाऱ्यावर नावं कशी चढवायची ते ऐकतात. या सगळ्याला मिळून दहा एमबीपीएस लागत नाहीत. उरलेले दोनशे नव्वद लिफ्टसाठी असतात.

प्लॅन गळ्यात पडतो तो रविवारी, गेटपाशी. कंपनीची छत्री, छत्रीखाली टेबल, टेबलामागे टाय लावलेला घामाघूम मुलगा. पत्रकावर ठसठशीत अक्षरांत ‘पन्नासचं फक्त ४९९, तीनशेचं फक्त ९९९’. आकड्याच्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी. तिचा माग काढत पत्रकाच्या तळाशी गेलं की कळतं, १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे ४९९चे झाले ५८८ रुपये ८२ पैसे. दुसरी चांदणी : हा दर सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तरच. तिसरी : राउटर मोफत, पण अनामत भरायची आणि कनेक्शन सोडताना तो परत करायचा. चौथी : लँडलाइनवरून कॉल अनलिमिटेड, फोनचं यंत्र मात्र तुमचं तुम्ही आणायचं. इतक्या चांदण्या डोंबिवलीच्या आकाशात आम्ही एकत्र पाहिलेल्या नाहीत.

‘काका, शिवाय पंधरा ओटीटी फ्री.’ पंधरापैकी दोनच नावं आपण ऐकलेली असतात आणि नेमकी ती दोन वरच्या प्लॅनमध्ये असतात. भाजीवाल्याकडे मिरच्यांवर कडीपत्ता मागून घेणारा हा समाज इथे मुकाट्याने वरचा प्लॅन घेतो. घासाघीस करायची तर काय विकत घेतोय ते माहीत लागतं. कडीपत्त्याचं तसं नसतं.

मग घरी सर्वपक्षीय बैठक बसते. बारावीतल्या चिरंजीवांची मागणी हजार एमबीपीएसची, कारण गेममध्ये पिंग वाढतो. मातोश्रींचं वर्क फ्रॉम होम, आणि मीटिंगमध्ये बोलायला लागल्या की त्यांचा चेहरा थिजतो. पिताश्रींना क्रिकेट फोर-केमध्ये पाहायचं आहे, आणि भिंतीवर टीव्ही आहे बत्तीस इंची, ‘एचडी रेडी’, ज्याला फोर-के कशाशी खातात हे ठाऊक नाही. बैठकीत आपली गरज नेमकी माहीत असलेली व्यक्ती एकच, आजी. तिला कीर्तन लागलं पाहिजे आणि मधेच गोल गोल फिरणारं ते चक्र यायला नको. तिचं म्हणणं अर्थातच कोणी नोंदवून घेत नाही.

आता हिशेब मांडू. फुल एचडी सिनेमाला ५ एमबीपीएस पुरतात आणि फोर-केला १५, असं खुद्द नेटफ्लिक्स सांगतं. म्हणजे टीव्हीचे ५ धरा. आजीच्या कीर्तनाचे ५. मीटिंगच्या व्हिडिओ कॉलचे ४. कोणीतरी आडवं पडून रील्स बघत असणारच, त्याचे ५. चिरंजीवांचा गेम एकदा उतरवून घेतला की खेळताना जेमतेम १-२ खातो. बेरीज झाली २१. मोबाइलचे अपडेट, पाहुणे आणि दारावरचा कॅमेरा धरून दुप्पट करा. तरी पन्नासच्या आत. पन्नास आणि तीनशे यांतला फरक जीएसटीसकट महिन्याला ५९० रुपये, वर्षाला ७,०८०. लिफ्टमधल्या एका वाक्याचं हे वार्षिक भाडं. याच सभासदांना वार्षिक सभेत सिंकिंग फंडाचे दोन रुपये जास्त वाटतात.

बरं, चिरंजीवांचा पिंग हजारच्या प्लॅननेही फारसा हलत नाही. पिंग म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ. प्लॅन मोठा घेतल्याने सर्व्हर घराजवळ येत नाही. वायफायऐवजी राउटरपासून थेट लॅनची वायर ओढली तर फरक पडतो. पण वायर ओढायची तर खोली आवरावी लागते. सबब, हजारचा प्लॅन. मातोश्रींचा चेहरा थिजतो तोही खाली येणाऱ्या वेगामुळे नाही, वर जाणाऱ्या वेगामुळे. काही कंपन्या दोन्हीकडे सारखाच वेग देतात, काही अपलोडला हात आखडता घेतात. पत्रकावर फक्त मोठा आकडा छापतात, तेव्हा दुसरा आकडा तोंडाने विचारावा लागतो. छत्रीखालचा मुलगा म्हणेल, ‘अपलोड पण फ्री आहे काका.’ तेव्हा समजावं की त्यालाही कोणी सांगितलेलं नाही.

‘अनलिमिटेड’लाही लिमिट असतंच. तारेवरच्या बऱ्याच प्लॅनना ते महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास असतं. एचडी पाहायला तासाला ३ जीबी लागतात असं धरलं, तर ते संपायला ११०० तास हवेत. तीस दिवसांच्या महिन्यात तास असतात ७२०. म्हणजे टीव्ही अहोरात्र चालू ठेवून, आजीला तीन पाळ्यांत कीर्तन ऐकवलं तरी महिना सुमारे ४६ दिवसांचा करावा लागेल. टेलिकॉम कंपन्यांना तेही अशक्य नाही. मोबाइलचा महिना २८ दिवसांचा करून त्यांनी वर्षात तेरा रिचार्ज बसवलेच होते. ३० दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवा, हे सांगायला दूरसंचार नियामक ‘ट्राय’ला २०२२ साल उजाडलं. फक्त फाइव्ह-जीच्या बिनतारी डब्यांकडे नीट पाहा. तिथे मर्यादा १००० जीबीची असू शकते, आणि दोन टीव्ही असलेल्या घरात ती महिनाअखेरीच्या आधीच गाठली जाऊ शकते. मग वेग रांगायला लागतो. तक्रार करून फारसा उपयोग नाही. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस लागतात. म्हणजे आजीचं चक्र फिरत असलं तरी सरकारदरबारी ते ब्रॉडबँडच.

एवढ्यात कोणीतरी ओरडतं, ‘फसवलं! शंभरचं घेतलं आणि डाउनलोड बाराने होतंय.’ इथे कंपनी निर्दोष आहे. प्लॅन बिटांत विकतात, फाइल बाइटांत उतरते, आठ बिटांचा एक बाइट. शंभर भागिले आठ, साडेबारा. चौथीतला भागाकार आहे. पण रागावलेल्या ग्राहकाला भागाकार सांगणं ही माणुसकी नव्हे.

खरा घोटाळा घरातच असतो. राउटर कुठे लावायचा हे वायरमनच्या हातातली वायर ठरवते. ती बहुधा दाराशी, चपलांच्या स्टँडवर संपते. पुढे गृहसजावट खातं मध्ये पडतं आणि ‘तो काळा डबा दिसायला नको’ म्हणून तो टीव्हीमागे किंवा कपाटाच्या वर, सुटकेसच्या आड जातो. ५ गिगाहर्ट्‌झचा वायफाय वेगवान असतो, पण एक काँक्रीटची भिंत ओलांडताना त्याची दमछाक होते. २.४ गिगाहर्ट्‌झचा भिंतीतून बरा जातो, पण तो हळू, आणि मायक्रोवेव्ह लावला की बावचळतो. एकूण काय, तीनशेचा प्लॅन चपलांना मिळतो आणि बेडरूममध्ये तीस पोचतात. यावरचा उपाय फुकट आहे. डबा घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्यावर ठेवायचा. फुकट असल्यामुळे तो कोणाला पटत नाही. माणसं सहाशेचा प्लॅन घेतात आणि चपलांची आणखी सोय करतात.

आणि मग एका सकाळी डब्यावरचा लाल दिवा लागतो. केबलवाल्याला फोन केला की तो पहिला प्रश्न तोच विचारतो, ‘लाल लाइट आहे का?’ आहे म्हटलं की तो सुस्कारा सोडतो. कुठेतरी जेसीबीने रस्ता उकरला आहे. खोदण्याआधी खाली कोणाची केबल आहे ते विचारता यावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲपसुद्धा आणलं. आमच्याकडच्या कंत्राटदाराला ते उलट्या क्रमाने पाठ आहे. आधी खोदायचं, मग शिव्या घालायला कोण येतो त्यावरून केबल कोणाची ते कळतं.

संध्याकाळी गटाराच्या कडेला एक पोरगा पाटावर बसतो. तुटलेल्या तारेचं काळं आवरण सोलतो, आतली केसाएवढी काच स्पिरिटने पुसतो, काटकोनात कापतो आणि दोन टोकं एका छोट्या यंत्रात ठेवून झाकण लावतो. यंत्राच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येतात, बारीक ठिणगी पडते आणि काच काचेला चिकटते. ज्या गाभ्यातून प्रकाश धावायचा तो ९ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्साही नाही. त्याच्या शेजारून रिक्षा चिखल उडवत जाते. सोसायटीचा सगळा वेग त्या वेळी याच्या दोन बोटांत असतो, आणि त्याला चहा विचारायलाही खाली कोणी उतरत नाही. सगळे वर बसून कस्टमर केअरच्या यंत्राला ‘मराठीसाठी’ कोणता आकडा दाबायचा ते ऐकत असतात.

तिथे डॉकेट नंबर मिळतो. समाधान झालं नाही तर अपील करता येतं, पण ते कंपनीनेच नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे. ट्रायकडे धावाल तर ट्राय व्यक्तिगत तक्रारी निवारत नाही. म्हणजे सासूची तक्रार करायची ती सासूच्याच बहिणीकडे.

तेव्हा छत्रीखाली वेग विचारूच नका. अपलोड विचारा, जीएसटीसकट रक्कम विचारा, सहा महिन्यांनी दर किती होईल ते विचारा. मग वॉचमनकडे जा. कोणत्या कंपनीचा माणूस बोलावल्यावर येतो आणि कोणाचा नुसता ‘निघालोय’ म्हणतो, याची खडान्‌खडा माहिती इमारतीत त्याच्याइतकी कोणाला नसते. त्याने सांगितलेल्याचं पन्नासचं घ्या आणि पैसे महिन्याचे महिन्याला भरा. कंपनी म्हणेल, सहा महिन्यांचे भरा, एक महिना फ्री. भुलू नका. एकदम पाच वर्षांसाठी निवडून दिलेला माणूस नंतर फोन उचलत नाही, याचा पुरेसा अनुभव आपल्याला आहे. निदान नेटवाल्याला तरी दर महिन्याला निवडणुकीला उभं करावं.