चोवीस तास सेवा

धर्माने माणसाचे भले होते की वाटोळे, यावर शहरांत परिसंवाद झडतात. मेळघाटाने त्यात वेळ दवडलेला नाही. धारणी-चिखलदरा पट्ट्यात तान्ह्या बाळाचे पोट फुगले की भूमका, म्हणजे गावचा पुजारी-वैद्य, विळा तापवतो आणि पोटावर ‘डंबा’ देतो. ना केसपेपर, ना रांग, ना आधार कार्ड. भूमकाचे पद रिक्त राहत नाही, त्याची बदली होत नाही आणि तो प्रतिनियुक्तीवर अमरावतीलाही जात नाही. आरोग्य खात्याने हेवा करावा अशीच ही व्यवस्था.

फेब्रुवारी २०२५मध्ये मेळघाटातल्याच सिमोरी गावातल्या २२ दिवसांच्या बाळाला ६५ चटके दिल्याचे उघडकीस आले. सरासरी दिवसाला तीन. इतके नियमित लक्ष कुठल्या शासकीय योजनेने कुणा बाळाकडे पुरवले आहे?

तेव्हा डंब्याचे रीतसर शासकीयीकरण व्हावे. विळ्यांसाठी ई-निविदा निघावी, पात्यावर योजनेचे नाव कोरलेले असावे. चटक्यासोबत नावही उमटेल. लाभार्थी ओळखायला सोपे.

कुणी खवचट जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण करून देईल. तो वर्षानुवर्षे अडकला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात या कायद्यासाठी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेशाला मंजुरी दिली.

नरबळीवर बंदी घालणारा कायदा तोवर पावलाच नव्हता.