रंगारी तिरंदाज

बाणाला लावायची पिसे घरच्या घरी रंगवणारा हौशी तिरंदाज मुख्यतः अमेरिकेत सापडतो. इंग्लंडमध्येही त्याची थोडीफार वस्ती आहे. वय पन्नाशीच्या पुढेमागे, मुले शिकायला परगावी, आणि गॅरेज असूनही गाडी बाहेर उभी, या तीन खुणांवरून तो ओळखता येतो. सुरुवात तो कप्प्यांच्या आधुनिक धनुष्यापासून करतो. काही दिवसांनी त्याला ते धनुष्य नसून यंत्र आहे असा साक्षात्कार होतो आणि घरात लाकडी धनुष्य येते. मग विकतचे बाण डोळ्यांत खुपू लागतात, म्हणून सीडरच्या काड्या तासणे सुरू होते. एकदा हे पिसे लागले की शेवटचा मुक्काम रंगाच्या पातेल्यापाशीच असतो.

प्लॅस्टिकऐवजी पिसेच का, असे त्याला विचारू नये. उत्तर खरे असते, पण लांब असते. लाकडी धनुष्यावरून सुटणारा बाण धनुष्याला घासत जातो. पीस त्या वेळी दबते आणि लगेच पूर्ववत होते, प्लॅस्टिकची पाती मात्र आपटून बाणाला बाजूला ढकलते. एवढ्यावर थांबला तर तो नवशिक्या समजावा. मुरलेला गडी इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीपर्यंत जातो. या राजाने 1417 मध्ये प्रत्येक हंसामागे सहा पिसे गोळा करण्याचा हुकूम काढला होता, हे सांगताना त्याच्या आवाजात सरकारी अंमलदाराची जरब येते. त्यानंतर रॉजर अ‍ॅस्कमचा ‘टॉक्सोफिलस’ हा 1545 चा ग्रंथ निघतो. बाणाच्या तीन पिसांपैकी एक काळे किंवा करडे असावे, म्हणजे बाण दोरीला उलटा लागत नाही, असे अ‍ॅस्कमने सांगून ठेवले आहे. व्यवहाराची ही साधी सूचना रंगारी तिरंदाज धर्माज्ञेसारखी पाळतो आणि उरलेल्या दोन पिसांचे काय करायचे, याचा अधिकार स्वतःकडे घेतो.

पिसे हल्ली हंसाची नसतात, टर्कीची असतात, आणि टर्की पांढरी असते. त्याचे श्रेय खाटकाला आहे. गडद पक्षी सोलला तरी पिसांची काळी खुंटे कातडीवर दिसतात आणि गिऱ्हाईक नाक मुरडते; म्हणून व्यापाऱ्यांनी पांढरी जात वाढवली. थँक्सगिव्हिंगच्या सणाला अमेरिका टर्की खाते, पंख मागे उरतात. ही पिसे रंगवून, कापून, डझनाच्या हिशोबाने बाजारात मिळतात आणि महागही नसतात. तरीही तो ती घरी रंगवतो, आणि कारण सांगतो काटकसरीचे. वेगळे पातेले, तापमापक, रंगाच्या डब्या, पिसे चिकटवण्याचा साचा आणि त्यांना आकार देणारी तापलेली तार असा संसार उभा राहिला की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण टर्कीलाही लागू पडते.

कृती मात्र शास्त्रशुद्ध आहे. पीस केराटिनचे, म्हणजे प्रथिनाचे. त्यामुळे सुती कापडाचे रंग त्यावर फुकट जातात. लोकर आणि रेशमाचे रंग चढतात, तेही आंबट पाण्यात. आधी भांड्यांच्या साबणाने पिसांचा तेलकटपणा घालवायचा, मग व्हिनेगर घातलेल्या गरम रंगात ती बुडवायची. पाण्याला उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर पीस आखडते. नवशिका कूल-एड वापरतो. नेब्रास्कात 1927 मध्ये निघालेल्या या सरबताच्या बिनसाखरेच्या पुडीत खायचा रंग आणि सायट्रिक आम्ल दोन्ही असतात, त्यामुळे व्हिनेगरचा खर्च वाचतो. स्वयंपाकघरात दोन दिवस चेरीचा वास राहतो. “हे माझं सूपचं पातेलं ना?” हा प्रश्न याच टप्प्यावर येतो, आणि वेगळ्या पातेल्याची खरेदी त्यानंतर होते.

रंगातून काढलेले पीस पावसात सापडलेल्या कोंबडीसारखे दिसते. घरची मंडळी हळहळतात, तो मंद हसतो. पीस सुकवून किटलीच्या वाफेवर धरले की त्याचे तंतू पुन्हा एकमेकांत अडकतात आणि ते ताठ होते. हा चमत्कार तो प्रत्येक पाहुण्याला दाखवतो. चहा त्यामुळे उशिरा मिळतो.

लाल आणि पिवळा कोणालाही जमतो. माणसाची पारख जांभळ्यात होते, कारण त्यातला लाल आणि निळा वेगवेगळ्या वेगाने पिसावर चढतात आणि एकाच पातेल्यातून दोन जातींची पिसे बाहेर येतात. काळा तर त्याहून हट्टी. तो कधी हिरवट निघतो, कधी वांगी. अशा वेळी “मला हाच हवा होता” असे म्हणण्याची पद्धत आहे.

याच गडबडीत डाव्या आणि उजव्या पंखाची पिसे एकत्र होतात. दोहोंची वळणे उलट असल्याने एका बाणावर एकाच बाजूची पिसे लागतात. मग सगळी मेजावर पसरून, चष्मा कपाळावर चढवून, एकेक पीस खिडकीशी धरून निवडण्यात रविवार जातो.

भडक रंग कशासाठी, याचेही उत्तर तयार असते: गवतात बाण सापडावा म्हणून. प्रत्यक्षात नेम चुकलेला बाण गवताच्या मुळाशी आडवा घुसतो आणि पिसांसकट दिसेनासा होतो. भडक रंगाचा खरा उपयोग असा की बाण निशाणापासून किती लांब गेला, हे सर्वांना स्पष्ट दिसते. पावसात रंगाची दुसरी परीक्षा होते. व्हिनेगर कमी पडले असेल तर आपण कोणता रंग वापरतो हे तिरंदाजाच्या कॉलरवरही वाचता येते.

या छंदाची शेवटची पायरी तपकिरी रंगाची. किरमिजी, पोपटी, नारिंगी सगळे करून झाले की तो पांढरे पीस फिक्या तपकिरी रंगात बुडवतो आणि मार्करने त्यावर आडवे पट्टे ओढतो, एकेका पिसावर दहा-दहा मिनिटे घालवून, ते रानटी टर्कीचे वाटावे म्हणून. खऱ्या रानटी टर्कीची पट्टेदार पिसे शेजारचा शिकारी फुकट द्यायला तयार असतो. तो ती आभार मानून घेतो आणि पट्टे कसे काढायचे, याचा नमुना म्हणून भिंतीवर टाचून ठेवतो.