आळशी माणसासाठी कीटकनिरीक्षण

कीटकनिरीक्षणाला दुर्बीण लागत नाही, भिंग लागत नाही, विज्ञानाची पदवी तर अजिबात नाही. आळस लागतो. तो तुमच्यात आहे हे घरचे कधीपासून सांगतच आहेत.

पहिली तयारी म्हणजे बागेतली कामे बंद करणे. कोथिंबीर वेळेवर खुडू नये. जून होऊन तिला पांढरा तुरा येऊ द्यावा. तुळशीच्या मंजिऱ्यांना हात लावू नये. कडेला एकदांडी माजली असेल तर माजू द्यावी. कोणी बोललेच, तर कास पठाराचे नाव घ्यावे. तेही कोणी खुरपत नाही, तरी २०१२ साली जागतिक वारसा यादीत जाऊन बसले.

सकाळी ऊन अंगावर आले की खुर्ची टाकून बसावे. तुळशीवरची बारीक माशी बहुधा फुलोरी. ती उघड्यावर, फांदीला एकच पोळे लावते. तिच्याहून मोठी सातेरी अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी पोळी बांधते, म्हणून तर ती पेटीत राहते. महाबळेश्वरच्या डोंगरात तिच्यावर संसार चालतात. तिथले मांघर २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ जाहीर झाले. साताऱ्याच्या माणसाने सातेरी न ओळखणे म्हणजे कंदी पेढा न ओळखण्यासारखेच.

सांगलीकराने खुर्ची वांग्याच्या झाडापाशी न्यावी. वांग्याच्या फुलातले परागकोश नुसते टोकाशी उघडतात, हलवल्याशिवाय पराग नीट बाहेर पडत नाही. मधमाशीला ही युक्ती येत नाही. निळ्या पट्ट्यांची माशी किंवा काळा भुंगा मात्र फुलाला घट्ट धरतो आणि सगळे अंग थरथरवतो. त्या क्षणी गुणगुण एकदम चढ्या पट्टीत जाते. कृष्णाकाठच्या भरल्या वांग्याचे सगळे श्रेय मसाल्याला देणाऱ्यांनी हा आवाज एकदा ऐकावा.

चवळीवर मावा पडला की शेजारी फवारणीचा पंप घेऊन येतो. द्राक्षांच्या मुलखात पंपाला काय तोटा! त्याला चहा द्यावा, पंप व्हरांड्यात ठेवून घ्यावा आणि विषय भावावर न्यावा. द्राक्षाच्या, बेदाण्याच्या, हळदीच्या. तेवढ्यात त्याला एक काळी, काटेरी, कुरूप अळी दिसेल आणि तो चप्पल काढेल. हात धरावा. ती ठिपकेवाल्या लाल ढालकिड्याची लेक आहे. मावा फस्त करते ती, आणि पहिला मार खाते तीही. गुलाबाच्या पानांना कडेने कर्कटकाने आखल्यासारखे गोल काप दिसले तरी पंप परत देऊ नये. पानकापी माशीने घरट्यात अस्तर लावायला ते नेले आहेत.

दाराच्या कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले असेल तर दिवाळीची झाडलोट तेवढी पुढे ढकलावी. आत पिल्लासाठी सुन्न केलेल्या अळ्यांची बेगमी असते. हे कारण घरात पटेलच असे नाही.

आग्यामोहोळ मात्र या पद्धतीत बसत नाही. बुरुजाला, पाण्याच्या टाकीला, उंच झाडाला ते लटकलेले दिसले की लांबूनच राम राम करावा. धूर, दगड, अत्तर तिन्ही वर्ज्य. एकीने डंख मारला की त्याच्या वासावर बाकीच्या येतात. पाण्यात उडी मारण्यात अर्थ नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. अशा वेळी सगळा आळस गुंडाळून, तोंड झाकून, सरळ बंद दाराच्या खोलीपर्यंत पळावे. खुर्ची उचलायला थांबू नये.