सर्व्हे नंबर शून्य

वाटणीचा विषय निघाला की रत्नागिरीत चहा दुसऱ्यांदा टाकावा लागतो. यंदा आमच्याकडे तो मृगाच्या तोंडावर निघाला आणि निमित्त झालं हार्ड डिस्कचं.

जुनी डिस्क आंब्याचा हंगामभर कुरकुरत होती. पेट्यांचा हिशेब, वाशी मार्केटच्या पट्ट्या, गिऱ्हाइकांचे पत्ते सगळं तिच्याकडे, त्यामुळे घरात तिला दुखावायची कोणाची हिंमत नव्हती. शेवटची पेटी गेल्यावर एक टीबीची एसएसडी आणली. ऑपरेटिंग सिस्टीमही नवीच घालायची होती, कारण विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 असल्याशिवाय घरात पाऊल टाकवत नाही. माझं एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे. पावसाळ्यांनी त्यावरची टक्केवारी पुसली आहे, ते एका अर्थी बरंच झालं. म्हणून पुण्याच्या भाच्याला फोन लावून तो टेबलावर उभा केला.

“मामा, बायोसमध्ये जा. पीटीटी चालू करा, लेगसी बंद करा, यूईएफआय ठेवा.”

केलं. टीपीएम मिळालं. सेटअप पुढे सरकला, डिस्कपर्यंत आला आणि अडून बसला. या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे. ईएफआय यंत्रणेत विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर बसेल, असा मजकूर. दुकानदारानं डिस्क चालते की नाही ते बघताना ती जुन्या पद्धतीनं नोंदवून दिली होती.

एवढ्यात नाना आले. नाना शेजारी, सरकारी मोजणीदार म्हणून रिटायर झालेले. उभा जन्म साखळी आणि नकाशा घेऊन तालुक्यातल्या बांधांवरून चालण्यात गेला. कॉम्प्युटरला त्यांनी आजवर बोट लावलेलं नाही, पण मोजणी कुठेही चाललेली असो, त्यांना उभं राहावंच लागतं.

“टेबल म्हणजे उताराच ना रे? मग वाच काय नोंद आहे ती.”

भाच्यानं फोनवरून समजावलं. एमबीआरची पद्धत 1983 ची, पीसी डॉस 2.0 बरोबर आलेली. सगळी नोंद डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांत. त्यातले 64 बाइट वाटण्यांसाठी, प्रत्येकीला 16. म्हणजे मुख्य वाटण्या चारच.

“चारच?” नाना खुर्चीत सरसावून बसले. “चार नावांचा सातबारा मी नोकरीत एकदाच पाहिला. तोही फाटका होता. बाकीची नावं फाटलेल्या भागात होती. पाचवा हिस्सेदार आला तर काय करतात?”

“चारातली एक एक्स्टेंडेड करायची. मग तिच्या आत हवे तेवढे तुकडे.”

“पोटहिस्सा!” नानांचा चेहरा उजळला. “हे अमेरिकन लोक कोकणात राहून गेलेले दिसतात.”

जीपीटी त्यांना त्याहून पसंत पडली. विंडोज त्यात 128 वाटण्यांची सोय ठेवते. “मुंबईकर धरून सगळे बसतील,” नाना म्हणाले. टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या पार शेवटच्या टोकाला ठेवलेली असते आणि नोंदीत कोणी खाडाखोड केली तर बेरीज जुळत नाही म्हणून ती पकडली जाते, हे ऐकून मात्र ते गप्प झाले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, “नक्कल आपसूक? अर्ज नाही, फी नाही?” त्यांच्या आवाजात कौतुक होतं की दुःख, ते मला सांगता येणार नाही.

आता उपाय. शिफ्ट आणि एफ 10 दाबलं की सेटअपच्या पोटातून एक काळी खिडकी उघडते. तिथे ‘डिस्कपार्ट’ लिहायचं, मग ‘लिस्ट डिस्क’. यादीत दोन डिस्का आल्या, शून्य आणि एक. माझं बोट पुढच्या हुकमाकडे वळलं तेवढ्यात नाना ओरडले, “थांब! हद्द कायम केलीस का?”

म्हणजे यातली आपली कोणती आणि शेजाऱ्याची कोणती. एकीपुढे 931 जीबी, दुसरीपुढे 465. आकड्यांवरून ओळखता येत होतं, पण नानांना आकड्यावरची ओळख चालत नाही. त्यांनी कॉम्प्युटर बंद करायला लावून जुन्या डिस्कची वायरच काढायला लावली. शेजारच्या जमिनीत साखळी टाकायची नाही, हा त्यांचा नियम. मला विचाराल तर डिस्कपार्टच्या माहितीपत्रकात पहिलं वाक्य हेच असायला हवं.

पुन्हा सगळं सुरू केलं. यादीत एकच नाव उरलं, डिस्क शून्य.

“हजार जीबी घेतलीस ना? वरचे 69 कोणी खाल्ले?”

कोणी नाही. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज 1024 च्या पटीत. जागा तीच, मोजमाप दोन. मला वाटलं, आता वाद होणार. नानांनी हात झटकला. “एवढंच ना? माणसं बोलतात गुंठ्यात, उतारा असतो आरमध्ये. गुंठा 1089 चौरस फूट, आरपेक्षा रेसभर मोठा. त्या रेसभरावर दोन पिढ्या एकमेकांशी बोललेल्या नाहीत.”

‘सिलेक्ट डिस्क 0’ लिहिलं. मग ‘क्लीन’. एंटर. डिस्क साफ झाल्याची एक ओळ उमटली आणि खेळ खलास.

“विचारलं नाही त्यानं?” नाना पडद्याकडे बघतच राहिले.

“कोणाला विचारणार?”

“कोणालाही! अरे, साध्या फेरफाराला नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस द्यावे लागतात. आणि हा एका शब्दात कोरी जमीन करून मोकळा! आमच्या वेळी हे निघालं असतं तर रत्नागिरीतले निम्मे वकील आंबे विकत बसले असते.”

‘कन्व्हर्ट जीपीटी’ला त्यांनी स्वतः मान डोलावून मंजुरी दिली. सेटअपनं मग आपल्या मनानं एक तुकडा ईएफआयसाठी कापला आणि एक 16 एमबीचा, ज्यात आपल्याला काहीच ठेवता येत नाही. मी कुरकुरलो, तर नाना म्हणाले, “पोटखराबा आहे तो. खडक, वहाळ, विहिरीकडची वाट. आकारणी नाही, पण धरावा लागतो.” विंडोजच्या जाणकारांनी हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

फाइली कॉपी होत असताना लाईट गेली. इन्व्हर्टरनं निभावलं. मृगात ही काही बातमी नव्हे.

खरा तंटा नंतर झाला, सी आणि डी पाडताना. मुलाला गेमसाठी शंभरावर जीबी हवी. बायकोला भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं आणि घरातले सगळे फोटो डी ड्राइव्हवर स्वतंत्र हवेत, जिथे मुलाचा पाय पडणार नाही. माझा आंब्याचा हिशेब कोणाच्या खिजगणतीत नव्हता. नाना म्हणाले, “सामाईक ठेवा.” त्यांच्याकडे तिघांनीही असं पाहिलं की ते पेपर घेऊन ओटीवर गेले. शेवटी मुलाचा सीमधला हक्क मान्य झाला, डी बायकोकडे गेली आणि मला डीमध्ये एक फोल्डर मिळाला. जुनी डिस्क जोडून फोटो तिकडे हलवले.

रात्री डोंबिवलीहून दादाचा फोन. भाच्यानं घरच्या ग्रुपवर ‘मामाकडे पार्टिशन झालं’ एवढंच टाकलं होतं.

“मला न कळवता?” दादाचा आवाज चढलेला.

मी डिस्कपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. तो क्षणभर थांबला.

“अण्णांचे फोटो होते त्या कॉम्प्युटरमध्ये.”

“आहेत की. डीमध्ये ठेवलेत.”

“मग त्यात माझाही हक्क आहे. गणपतीला आलो की बसून ठरवू. तोवर डीला कोणी हात लावायचा नाही.”

मी फोन ठेवला. ओटीवरून नानांचा आवाज आला, “स्टे तोंडी आहे की लेखी?”