पूर्ण अधिकार, फक्त विचारून

मुंबईच्या डबेवाल्यांचं व्याख्यान ठेवणं हा आता कंपन्यांचा कुळाचार झाला आहे. हे काम १८९०च्या सुमारास सुरू झालं; पण २०१०मध्ये हार्वर्डनं त्यावर केस स्टडी केली, तेव्हा कुठे आपल्याला त्याचं मोल पटलं. घरून निघालेला डबा ऑफिसात पोचेपर्यंत अनेक हात बदलतो. झाकणावरची खूण वाचायची आणि पुढच्याच्या हवाली करायचा. तो नीट नेईल ना, हे बघायला कुणी त्याच्यामागे लोकलमध्ये चढत नाही.

आमचे शेठ चढतील. व्याख्यानाहून भारावून आले आणि त्यांनी कामं वाटून टाकली. खरेदी एकाकडे, वसुली दुसऱ्याकडे. "पूर्ण अधिकार तुमचे. फक्त करण्याआधी मला एकदा विचारा." तेव्हापासून केबिनबाहेर रांग असते. पूर्वी शेठ सगळं स्वतः करत. आता सगळं स्वतः करून वर आढावा बैठकही घेतात. गोदामाची किल्ली, चेकबुक आणि बँकेचा ओटीपी अर्थातच त्यांच्याकडे. परवा भाच्याच्या लग्नात एका हातात अक्षता, दुसऱ्यात मोबाइल धरून त्यांनी झेरॉक्सच्या कागदाचा भाव ठरवला. आणि फोन ठेवून शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, "काय करणार, माणसं पुढाकारच घेत नाहीत!"