जावई ठरेपर्यंतचे अनारसे

धोंड्याच्या महिन्यात जावयाला 33 अनारसे, ताम्हन, त्यात तुपाचा दिवा आणि ऐपतीप्रमाणे चांदीचे काहीबाही देण्याची आपली रीत आहे. हा महिना पावणेतीन वर्षांनी एकदाच येतो, त्यामुळे मधल्या काळात सासऱ्याला सावरायला सवड मिळते. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या पंचांगात मात्र तो दरवर्षी येतो. मार्चअखेर प्रवेशाचे निकाल लागले की तो बसतो आणि 1 मेला संपतो. आपल्याकडे जावई आधी पक्का होतो आणि अनारसे मागाहून येतात. तिथे अनारसे आधी असतात, जावई पक्का झाला की ताट उचलले जाते.

जानेवारीपर्यंत हाच जावई, म्हणजे अर्जदार मुलगा, दारात उभा होता. निबंध लिहीत होता, शिक्षकांकडून शिफारसपत्रे मिळवत होता, प्रत्येक अर्जामागे साठ-सत्तर डॉलर मोजत होता आणि उत्तर म्हणून ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ एवढे वाक्य त्याला मिळत होते. निकाल लागला आणि वारे फिरले. एमआयटी त्याला रुपेरी नळकांड्यातून पत्र पाठवते. हार्वर्ड ‘व्हिसिटास’ला, येल ‘बुलडॉग डेज’ना बोलावते, स्टॅनफर्डचा ‘ॲडमिट वीकेंड’ असतो. (पुण्यात ‘मुलगा ॲडमिट झाला’ म्हटले की लोक दवाखान्याचे नाव विचारतात, तिथे मिठाई वाटतात.) वसतिगृहात मुक्कामाची सोय, टी-शर्ट, स्टिकर, प्राध्यापकांबरोबर न्याहारी, आईवडिलांसाठी वेगळे सत्र. परिसर दाखवणारा विद्यार्थी पाहुण्यांकडे पाठ होऊ नये म्हणून उलटा चालतो. असा मान आपल्याकडे गाभाऱ्यातून बाहेर पडताना फक्त देवाला मिळतो.

हे प्रेम कशामुळे, ते प्रवेश कार्यालयातला एक शब्द सांगतो. तो शब्द यील्ड. ज्यांना जागा दिली त्यांतले किती जण खरोखर आले, त्याची ही टक्केवारी. आपल्या साखरपट्ट्यात याला नेमका शब्द आहे: उतारा. इतक्या टन उसातून इतकी साखर, तसे इतक्या पत्रांतून इतके विद्यार्थी. कोल्हापूरकडचा कारखाना अकरा-बारा टक्के उताऱ्यावर मिशीला पीळ देतो. हार्वर्डचा उतारा 80 टक्क्यांच्या वर आहे. पण सर्वसाधारण कॉलेजने दहा जणांना जागा द्यावी तेव्हा तिघे येतात. अंदाज चुकून जास्त आले तर खाटा कमी पडतात, कमी आले तर अंदाजपत्रक फाटते. शिवाय उतारा चांगला असेल तर कमी मुलांना जागा देऊन भागते, म्हणजे नकार जास्त देता येतात आणि नकार जास्त म्हणजे संस्था थोर, असा तिथला हिशेब आहे. ‘यू. एस. न्यूज’ने आपल्या क्रमवारीच्या सूत्रातून हा आकडा 2003 मध्येच काढून टाकला. आकडा गेला, हाव राहिली.

आता कोणी म्हणेल, यात वाईट काय? चार वर्षे जिथे काढायची ती जागा मुलाने आधी पाहावी, हे शहाणपणाचेच आहे. मान्य. पण वसतिगृह पाहण्यापेक्षा बिल पाहणे जास्त महत्त्वाचे असते आणि ते मात्र उलटे चालणारा विद्यार्थी दाखवत नाही. ते येते ‘आर्थिक साहाय्याच्या पत्रा’तून. या पत्राचा मायना शिष्यवृत्तीचा असतो आणि पोटात पुष्कळदा कर्ज असते. ‘न्यू अमेरिका’ आणि ‘यूआस्पायर’ या संस्थांनी 2018 मध्ये अशी पत्रे गोळा करून तपासली. विद्यार्थ्याला दिल्या जाणाऱ्या एकाच सरकारी कर्जासाठी 455 कॉलेजांनी 136 वेगवेगळी नावे वापरली होती आणि त्यांतल्या 24 नावांत ‘कर्ज’ हा शब्दच नव्हता. विष्णूला सहस्र नामे आहेत, पण त्यातले कुठलेही नाव घेतले तरी विष्णूच पावतो, एवढी खात्री भक्ताला असते. पुढे 2022 मध्ये अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने अंदाज दिला की 91 टक्के कॉलेजे घरच्यांना खिशातून नेमके किती भरावे लागतील ते सांगतच नाहीत किंवा कमी करून सांगतात. टी-शर्टवर मात्र कॉलेजचे नाव बिनचूक असते.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्र शिकलेल्यांचा. स्पर्धा आहे, म्हणून किंमत उतरते. कॉलेजे मुलासाठी भांडली तर मुलाचेच भले. किंमत उतरते हे खरे आहे. खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरासरी सूट छापील शिक्षण शुल्काच्या निम्म्याहून जास्त झाली आहे. पण ज्या दुकानात बारा महिने पन्नास टक्के सूट असते तिथे छापील किंमत कशी ठरते, हे लक्ष्मी रोडवर साडी घेणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. आणि ही सूट मिळते कोणाला? गरज हा एक निकष झाला. दुसरा निकष शंकेचा. हा मुलगा दुसरीकडे जाईल का? कॉलेजचे ई-मेल तो उघडतो का, परिसर पाहायला आला होता का, संकेतस्थळावर किती रेंगाळला, याच्या नोंदी ठेवणारी यंत्रे बऱ्याच प्रवेश कार्यालयांत आहेत. येणारच असे ज्याच्याबद्दल वाटते त्याच्यावर खर्च करणे हे अनारसा वाया घालवणे. म्हणजे मान गुणांचा नाही आणि पैशांचाही नाही. जो अजून निघून जाऊ शकतो त्याला मान, ज्याचे दोर कापले गेले त्याला पावती.

माझे म्हणणे कोणाला कुत्सित वाटेल. तर मग संधी मिळाली तेव्हा याच संस्थांनी स्पर्धेचे काय केले ते पाहू. आयव्ही लीगची आठ विद्यापीठे आणि एमआयटी यांचे अधिकारी दरवर्षी एकत्र बसत आणि ज्या विद्यार्थ्याला दोघा-तिघांनी जागा दिली आहे त्याला किती साहाय्य द्यायचे ते आपसात ठरवून टाकत, म्हणजे मुलाला घासाघीस करायला जागाच उरू नये. 1991 मध्ये अमेरिकी सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. आयव्हींनी तडजोड केली, एमआयटी लढली. त्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता: चढाओढ नसेल तर हुशार श्रीमंतावर उधळले जाणारे पैसे गरिबापर्यंत पोहोचतील. 1994 मध्ये अमेरिकी संसदेने ‘कलम 568’ करून मर्यादित सवलत दिली. अट एकच, प्रवेश देताना घरची ऐपत पाहायची नाही. 2022 मध्ये 17 विद्यापीठांवर नवा दावा झाला की अट मोडली आणि सवलत तेवढी वापरली. बऱ्याच जणांनी आरोप अमान्य करत 28 कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळून मोजली. दोष नाही म्हणत दंड भरण्याची ही पद्धत आपल्या वाहतूक पोलिसांना अनोळखी नाही.

त्याहून पक्की युक्ती म्हणजे ‘अर्ली डिसिजन’. नोव्हेंबरमध्ये अर्ज करायचा आणि लिहून द्यायचे की जागा मिळाली तर येईनच, बाकीचे अर्ज मागे घेईन. या मुलाचा उतारा जवळजवळ शंभर टक्के, त्यामुळे त्याच्या नावाचे पीठ भिजवायलाच नको. बदल्यात त्याला काय मिळते ते एव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहॉसर यांनी 2003 च्या पुस्तकात मोजले आहे: लवकर अर्ज करणे म्हणजे एसएटी या प्रवेश परीक्षेत जवळपास 100 गुण जास्त पडण्याइतका फायदा. पण चार कॉलेजांची पत्रे शेजारी ठेवून बिल ताडून पाहायची ज्याला गरज आहे तो नोव्हेंबरात शब्द देऊ शकत नाही. शब्द देतो तो, ज्याच्या बापाला बिलाची फिकीर नाही. ही व्यवस्था अन्यायाची आहे असे सांगून हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने 2006 मध्ये आपापल्या लवकरच्या फेऱ्या बंद करत असल्याचे जाहीर केले, आणि हार्वर्डच्या फेरीत तर येण्याचे बंधनही नव्हते. 2011 मध्ये दोघांनी त्या परत सुरू केल्या. तत्त्व पाच वर्षे टिकले. इतर ठिकाणच्या तत्त्वांच्या मानाने हे बरेच म्हणायचे.

1 मेनंतर दुसऱ्याच्या ठरलेल्या जावयाला डोळा मारायचा नाही, असा नियम प्रवेश समुपदेशकांच्या संघटनेच्या आचारसंहितेत होता. सरकारी वकिलांनी विचारले, की ग्राहकाला स्वस्त माल दाखवायचा नाही असे दुकानदारांनी आपसात ठरवणे याला आचारसंहिता म्हणतात की संगनमत? प्रश्न रास्त होता. सप्टेंबर 2019 मध्ये लुईव्हिलच्या अधिवेशनात संघटनेने ते कलम काढून टाकले. आता मे-जूनमध्येही दुसऱ्या कॉलेजचे पत्र येऊ शकते, सूट वाढवून. अनामत मात्र पहिल्याकडेच राहते.

या सगळ्यात आपली मुले कुठे आहेत? 2023-24 या वर्षी अमेरिकेत 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते. त्यांतले 1,96,567 पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेले. यातल्या पीएच.डी.वाल्याला थोडा मान आहे: विद्यावेतनाचा देकार असेल तर 15 एप्रिलपर्यंत विचार करायची मुभा त्याला विद्यापीठांच्या एका जुन्या ठरावाने दिली आहे, त्यामुळे प्राध्यापक स्वतः फोन करतात. एम.एस.वाला मात्र पूर्ण शुल्क भरणारा. सांगली-नाशिककडचा फ्लॅट तारण ठेवून पंचेचाळीस-पन्नास लाखांचे कर्ज काढणारा. मोजतो तोच सर्वांत जास्त, तेव्हा पहिले ताट त्याच्यापुढे यायला हवे. त्याला येते एक पीडीएफ, मध्यरात्रीच्या वेबिनारचा दुवा आणि अमुक तारखेपर्यंत अनामत न भरल्यास जागा रद्द, अशी ओळ. त्याच्यासाठी कोणी उलटे चालत नाही. तो आला नाही तर रांगेतला पुढचा येईल याबद्दल कोणालाच शंका नाही.

2025 च्या मे महिन्यात अमेरिकी परराष्ट्र खात्याने विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणे काही आठवडे थांबवले. अख्खी रांगच येते की नाही, असा प्रश्न उभा राहिला. एरवी तारीख चुकली की जागा रद्द करणाऱ्या कार्यालयांतून पत्रे निघू लागली: काळजी करू नका, तुमची जागा पुढच्या सत्रापर्यंत राखून ठेवू. ताम्हन नाही, दिवा नाही, चांदीचे तर नावच नको. पण एक अनारसा आला.