तीन कोटेशनं

आमच्या सोसायटीतले अप्पा एका कारखान्याच्या परचेस खात्यात चौतीस वर्षं होते. अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पण त्यांच्या सूनबाईंचं म्हणणं असं, की निवृत्त फक्त पगार झाला. कोथिंबिरीच्या जुडीलाही ते तीन कोटेशनं घेतात. मग ज्या गाडीवर सगळ्यात कमी भाव निघतो, तिथं परत जाऊन त्या भाजीवालीला सांगतात, "तू एल-वन." ती 'बरं काका' म्हणते आणि जुडीतली पिवळी पानं आतल्या बाजूला वळवते. अप्पा ती बाहेर काढतात. दोघांचं हे अकरा वर्षं चाललंय.

आमची चिमी तिसरीत गेली आणि तिला मायक्रोस्कोप हवा झाला. बायकोनं मोबाइलवर एक पाहूनही ठेवला होता. लाल रंगाचा, पेटीसकट, 1200 पट मोठं दाखवणारा. बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. माझी चूक एवढीच, की मी ही बातमी लिफ्टमध्ये अप्पांना सांगितली.

"इंडेंट कुठाय?" अप्पा म्हणाले.

"कसला इंडेंट?"

"अरे, काय बघायचंय हे लिहून दिल्याशिवाय बघायचं यंत्र घेतोस? उद्या स्क्रू बघायचा म्हणून क्रेन घेशील."

संध्याकाळी ते छापील फॉर्म घेऊन हजर. तो कारखान्याचाच होता, गठ्ठाच्या गठ्ठा घरी आणलेला असावा. चिमीनं जीभ बाहेर काढून तो भरला. मागणी क्रमांक एक, मुंगीचा चेहरा. दोन, आजीच्या लोणच्यावर आलेली बुरशी. तीन, नखातली घाण. चार, बाबांचा कोंडा. पाच, दहा रुपयांची नोट. सहा, दह्यातले जंतू. 'तातडी' या रकान्यात तिनं 'आत्ता' असं लिहिलं होतं.

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. "बघ. सहापैकी पाच माल अपारदर्शक. तुझा तो लाल डबा खालून उजेड टाकतो. मुंगी ठेवलीस तर मुंगीची सावली दिसेल. आणि चारशे पटीला किती जागा दिसते ठाऊक आहे? अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. मुंगीचं तोंड मावायचं नाही त्यात. शिवाय भिंग मालाच्या इतकं जवळ आणावं लागतं, की मध्ये पोस्टकार्ड जेमतेम जाईल. पोर काय घालणार तिथं, लोणचं?"

"पण बाराशे पट..."

"ताकात पाणी घातलं की तांब्या भरतो. ताक वाढतं का?"

हे वाक्य त्यांनी पुढल्या तीन आठवड्यांत मला, बायकोला, वॉचमनला आणि प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या तीन दुकानदारांना ऐकवलं. शामलदास गांधी मार्ग हे त्या रस्त्याचं कागदोपत्री नाव; पण प्रयोगशाळेचं सामान घेणारा माणूस अजून प्रिन्सेस स्ट्रीटच म्हणतो. एका शनिवारी अप्पांनी मला डोंबिवलीहून तिथं नेलं. सोबत स्टीलचा डबा. मला वाटलं, पोळीभाजी असेल. दुकानात तो उघडला तेव्हा आत एक कांदा, अर्धं ब्लेड, वर्तमानपत्राचा चतकोर आणि आयोडीनची बाटली निघाली.

"अंकल, बारासो एक्स," पहिल्या दुकानदारानं लाल डब्याचाच भाऊ पुढं केला. "बच्चा खूश."

अप्पांनी वस्तुभिंगाची नळी फिरवून फिरवून पाहिली. "यावर दुसरा आकडा कुठाय? चाळीसच्या पुढं तिरकी रेघ आणि 0.65 असं असतं."

"क्या आकडा?"

"त्या आकड्याला हजारानं गुणायचं," अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले. "साडेसहाशे आले. भिंगाची ऐपत तेवढी. त्यापुढं नुसतं मोठं दिसतं, नवीन काही दिसत नाही. यावर आकडाच नाही, म्हणजे ऐपत सांगायची लाज वाटते." मग त्यांनी वर्तमानपत्राचा चतकोर आत सरकवला. काळ्या अक्षरांना एका बाजूनं निळी आणि दुसऱ्या बाजूनं लाल किनार आली. "पैठणी आहे ही. रिजेक्ट."

दुसऱ्या दुकानात मात्र खरा विद्यार्थ्यांचा कंपाउंड मायक्रोस्कोप होता, माल अंबाल्याचा. अंबाला म्हटल्यावर अप्पांचा चेहरा सासुरवाडीचं नाव काढल्यासारखा झाला. देशातल्या किती शाळांच्या प्रयोगशाळा त्या गावानं भरल्यात, हे त्यांनी दुकानदारालाच सांगितलं. मग काउंटरवर कांदा चिरला. पापुद्रा, थेंब, आयोडीन, वर काच. दहाच्या भिंगावर पेशी जुळवल्या, चाळीसचं भिंग फिरवलं, तरी चित्र जागेवरच राहिलं. "वा!" मला डोळा लावायला सांगितला. विटांच्या भिंतीसारख्या पेशी, प्रत्येकीत एक पिवळट ठिपका. बारावीनंतर मी पहिल्यांदाच कांद्याकडे आदरानं पाहिलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही रांगेत उभी राहिली.

"मग हाच घेऊ," मी म्हणालो.

"उत्तम आहे. रिजेक्ट. काचपट्टी डावीकडे सरकव."

सरकवली. कांदा उजवीकडे गेला.

"यात सगळं उलटं. मोठी मुलं सरावतात. तिसरीतली पोर दोन दिवस सरकवील आणि तिसऱ्या दिवशी माळ्यावर टाकील. तो सहावा आयटम आहे ना, दह्यातले जंतू, त्याला हा लागेल. वर शंभरचं भिंग आणि तेलाचा थेंब. ती मागणी पुढल्या आर्थिक वर्षात."

तिसऱ्या दुकानात जाता जाता त्यांनी मला लेवेनहूक सांगितला. डेल्फ्टचा कापड दुकानदार. सतराव्या शतकात एकाच इवल्याशा भिंगातून या गृहस्थानं तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले, स्वतःच्या दातांवरचं किटण खरवडून त्यातले जंतूही पाहिले. "कापडवाला! धागे मोजून माल घेणारा माणूस. म्हणजे आपल्याच खात्यातला," अप्पा म्हणाले. "शास्त्रज्ञ नंतर झाला. आणि गंमत बघ, आपले मायक्रोस्कोप त्यानं कुणाला विकले नाहीत. त्यातले उत्तम तर दाखवलेसुद्धा नाहीत. लंडनची रॉयल सोसायटी मागं लागली होती, तरी कोटेशन दिलं नाही पठ्ठ्यानं." हे सांगताना त्यांच्या आवाजात, हवा तो व्हेंडर हातून गेल्याची चुटपुट होती.

शेवटी ठरला स्टिरिओ मायक्रोस्कोप. दोन डोळ्यांनी पाहायचा, 20 पट, वरून उजेड, चित्र सुलट, खाली हात घालायला ऐसपैस जागा. पण तोही सुखासुखी नाही. अप्पांनी आदल्या रात्री चिमीच्या नाकावर फूटपट्टी धरून दोन बुबुळांतलं अंतर मोजलं होतं, 53 मिलिमीटर. दुकानातल्या पहिल्या यंत्राच्या नळ्या 55च्या आत येईनात. "ही नळी मोठ्या माणसांची," म्हणून परत. दुसऱ्याच्या 50पर्यंत आल्या. मग डोकं वर चढवून सोडून दिलं, आपोआप घसरतं का पाहायला. घसरलं नाही. दुकानदाराचा जीव मात्र पाच मिनिटं वर-खाली होत होता. आठ हजारांचे साडेसात करून घेतले आणि वर धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकचं आवरण फुकट.

एका यंत्रावर मात्र अप्पांना शेरा मारता आला नाही. ते म्हणजे फोल्डस्कोप. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेतून 2014 साली जगापुढं आलेला कागदी मायक्रोस्कोप. घडी घालून बनवायचा, भिंग मण्याएवढं, तरी 140 पट. माझ्या भाच्यानं तो पाठवला होता. "कागद? डोंबिवलीच्या पावसात?" म्हणत अप्पांनी तो तपासणीसाठी बादलीत बुडवला. दहा मिनिटांनी बाहेर काढला तर तसाच. त्यांनी फॉर्मवर 'पास' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. इतक्या स्वस्त मालात खोट नाही, हे त्यांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत बसत नव्हतं.

यंत्र घरी आलं. भिंगाला बुरशी धरू नये म्हणून अप्पांनी बुटांच्या खोक्यांतून साठवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या आणल्या आणि आमचा तांदळाचा मोठा डबा ताब्यात घेतला. तांदूळ तेव्हापासून बादलीत आहेत. मुंगी पाहून झाली. तिच्या चेहऱ्यावर केस असतात, हे चिमीनं खाली खेळणाऱ्या सगळ्यांना ओरडून सांगितलं. लोणच्यावरची बुरशी म्हणजे टाचण्यांचं जंगल निघालं. आईनं बरणी फेकली आणि दोन दिवस यंत्राशी बोलणं टाकलं.

रविवारी अप्पा इन्स्पेक्शन नोटवर सही घ्यायला आले. चिमी म्हणाली, "आजोबा, बोट ठेवा." त्यांनी ठेवलं. तिनं दोन्ही डोळे लावून बराच वेळ पाहिलं, मग त्यांच्याच खिशातलं पेन घेऊन त्यांच्याच फॉर्मवर खाली लिहिलं. मालाचं नाव : अप्पा आजोबांचं नख. शेरा : रिजेक्ट. कारण : आत मसाला आहे.

अप्पांनी स्वतः डोळा लावून खात्री केली. काही न बोलता घरी गेले. वीस मिनिटांनी बेल वाजली. दारात अप्पा, दहाही नखं कापलेली, हातात नवा फॉर्म.

"री-इन्स्पेक्शन," ते म्हणाले.